सातही मते एकाच नावाला: चिल्टन काउंटीचे प्रकरण

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमहून माँटगोमेरीकडे निघाले की साधारण निम्म्या वाटेवर क्लँटन लागते. महामार्गालगत पीच फळाच्या आकाराची, फळासारखीच रंगवलेली पाण्याची टाकी उभी आहे. पीचच्या बागा ही या चिल्टन काउंटीची ओळख. निवडणूक पद्धतींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ही काउंटी वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. १९८८ साली इथल्या काउंटी कमिशनवर बॉबी एजी निवडून आले. व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा, समाज कृष्णवर्णीय. काउंटीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण जेमतेम ११-१२ टक्के, आणि गोऱ्यांची मते एजींना पडली ती नाममात्र. तरीही ते काठावर वगैरे तरले नाहीत. सगळ्या उमेदवारांत सर्वाधिक मते त्यांनाच मिळाली.

जागा राखीव नव्हती. मतदारसंघ नव्याने आखलेला नव्हता. मतदार रातोरात उदारही झाले नव्हते. हे घडले कसे आणि पुढे टिकले कसे, ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. विशेषतः आपल्याकडे, जिथे दर निवडणुकीआधी प्रभाग एकसदस्यीय की बहुसदस्यीय यावरून रणकंदन होते.

काउंटी आणि तिचे कमिशन

काउंटी म्हणजे आकाराने आपला मोठा तालुका किंवा लहान जिल्हा म्हणा. चिल्टनची लोकसंख्या १९८०च्या सुमारास तीस हजारांच्या आसपास होती. काउंटीचा कारभार निवडून आलेले कमिशन पाहते: रस्ते, पूल, तुरुंग, कोर्टाची इमारत, वार्षिक अंदाजपत्रक. शाळांसाठी वेगळे निवडून दिलेले मंडळ असते. वॉशिंग्टनमध्ये कोण बसले आहे यापेक्षा आपल्या घरापुढचा कच्चा रस्ता डांबरी कधी होणार, हे या कमिशनवर ठरते. ग्रामीण अलाबामात कमिशनर म्हणजे मुळात रस्तेवाला माणूस.

चिल्टनमध्ये चार कमिशनर असत आणि त्यांची निवड सरसकट पद्धतीने होई, म्हणजे पूर्ण काउंटी हाच एक मतदारसंघ आणि प्रत्येक मतदार प्रत्येक जागेसाठी मत देणार. ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण ज्याने सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिली आहे त्याला यातली गोम लगेच कळेल. सगळे सभासद सगळ्या जागांसाठी मत देतात, ‘पॅनेल टू पॅनेल’ शिक्के मारा असा प्रचार होतो, आणि ५५ टक्के सभासद पाठीशी असलेले पॅनेल सगळ्याच्या सगळ्या जागा घेऊन जाते. विरोधी पॅनेलला ४५ टक्के मते पडूनही एकही संचालक मिळत नाही. आता या ५५ आणि ४५ च्या जागी ८८ आणि १२ घाला, आणि ‘पॅनेल’च्या जागी कातडीचा रंग.

एवढ्यावरही अल्पसंख्य मतदारांना एक पळवाट उरते. चार जागा, चार मते. पण आपल्या एकाच उमेदवाराला मत द्यायचे आणि बाकीची तीन वापरायचीच नाहीत. गोऱ्यांची मते सात-आठ उमेदवारांत विभागली तर आपला एखादा वर येऊ शकतो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांना ही युक्ती चांगली अवगत होती, आणि राज्य विधिमंडळालाही ती अवगत आहे हे अवगत होते. म्हणून १९५०च्या दशकात अलाबामाने तिला बंदी घालणारे कायदे केले, आणि १९६१ मध्ये आणखी पक्का बंदोबस्त केला: जागांना क्रमांक दिले. जागा क्रमांक १, जागा क्रमांक २, असे. उमेदवाराने कोणत्या क्रमांकासाठी उभे राहायचे ते आधीच सांगायचे. झाले, प्रत्येक जागेची स्वतंत्र लढत. बारा टक्के मतदारांनी मते कितीही वाचवली तरी प्रत्येक लढतीत समोर ८८ टक्के उभे.

कागदावर मात्र कोणाचाही मताधिकार हिरावलेला नव्हता. १९६५च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीयांची नावे यादीत येऊ लागली, मतदान होऊ लागले, मते मोजलीही जाऊ लागली. फक्त त्या मतांनी कोणी निवडून येत नव्हते.

कोर्टातली वाट

या पद्धतीवरचा मोठा खटला अलाबामातल्याच मोबाइल शहराचा होता. तिथले तीन सदस्यांचे शहर कमिशन १९११ पासून सरसकट पद्धतीने निवडले जाई. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिणाम भेदभावाचा आहे एवढे दाखवून भागणार नाही, हेतूही भेदभावाचा होता हे सिद्ध करा. सत्तर वर्षांपूर्वी नियम करणाऱ्यांच्या मनात काय होते याचा पुरावा आणायचा कुठून? निकालावर ओरड झाली आणि १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मताधिकार कायद्याचे वांशिक भेदभावाला बंदी घालणारे दुसरे कलम दुरुस्त केले. आता परिणाम दाखवणे पुरेसे झाले.

पण मोबाइलचा खटला लढलेले वकील जेम्स ब्लॅकशर आणि लॅरी मेनेफी, आणि त्यांच्या जोडीला बर्मिंगहॅमचे एडवर्ड स्टिल, हे हेतू सिद्ध करण्याचा नाद सोडायला तयार नव्हते. १९८५ मध्ये त्यांनी काही काउंट्यांविरुद्ध एकत्र दावा लावला. पहिल्या वादीच्या नावावरून तो ‘डिलर्ड’ खटला म्हणून ओळखला जातो. माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टातले न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांनी १९८६ मध्ये निष्कर्ष काढला की क्रमांकित जागांचा कायदा विधिमंडळाने वांशिक हेतूनेच केला होता. हा निष्कर्ष एका काउंटीपुरता नव्हता, राज्याच्या कायद्याबद्दल होता. त्यामुळे तो कायदा जिथे जिथे लागू होता तिथे तिथे दावा पसरला. काउंटी कमिशन, शाळा मंडळे आणि गावांच्या नगर परिषदा मिळून सुमारे १८० संस्था प्रतिवादी झाल्या. वकिलीतली ही चाल मला फार देखणी वाटते: एक काउंटी हरवायला जितका पुरावा लागतो तितक्यात अख्ख्या राज्याचा ढाचा हलवला.

बहुतेक संस्थांनी लढण्याऐवजी तडजोड केली, आणि ती एकाच साच्यातली होती. काउंटीचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यातून एक सदस्य, आणि त्यातल्या एखाद-दोन तुकड्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होतील अशा रेषा ओढा. जिथे कृष्णवर्णीय वस्ती दाट आणि एकगठ्ठा होती तिथे हे जमले.

चिल्टनमध्ये जमेना. ११-१२ टक्के लोक, तेही काउंटीभर विखुरलेले. चार काय, सात तुकडे पाडले तरी त्यांची बहुसंख्या असलेला सलग, आटोपशीर तुकडा हाती लागत नव्हता. त्याच वर्षी, १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाच्या एका खटल्यात नेमकी हीच अट घातली होती: दुसऱ्या कलमाखाली दाद मागायची तर आपला समाज एका मतदारसंघात बहुसंख्य होण्याइतका मोठा आणि एकवटलेला आहे हे आधी दाखवा. म्हणजे खटला शेवटपर्यंत लढला असता तर चिल्टनच्या वादींचे त्या कलमावर भागले असते असे म्हणणे कठीण. त्यांच्या हातात हुकमी पान एकच होते: क्रमांकित जागांचा कायदा हेतुपुरस्सर होता हा थॉम्पसन यांचा निष्कर्ष.

काउंटीच्या बाजूनेही हिशेब सोपा होता. खटला हरलो तर आपल्या वकिलांबरोबर समोरच्यांच्या वकिलांचीही फी काउंटीच्या तिजोरीतून जाणार. मतदारसंघ पाडले तर विद्यमान कमिशनरांपैकी दोघे एकाच तुकड्यात येऊन एकमेकांसमोर उभे राहणार. सरसकट निवडणूक कायम राहते आहे, नकाशावर रेष पडत नाही, कोणाची जागा हलत नाही, असा तोडगा समोर आला तर तो घ्यायला हरकत कोणाची? एडवर्ड स्टिल यांच्याकडे असा तोडगा होता.

एका मतपत्रिकेचा हिशेब

१९८८ मध्ये संमतीने हुकूमनामा झाला. कमिशनच्या जागा चारवरून सात केल्या, शाळा मंडळही सातांचे. क्रमांक गेले. सगळे उमेदवार एकाच यादीत, पहिले सात विजयी. प्रत्येक मतदाराला सात मते, आणि ती तो हवी तशी वाटू शकतो: सात जणांना एकेक, किंवा एकाला चार आणि दुसऱ्याला तीन, किंवा सातही एकालाच. यालाच संचयी मतदान म्हणतात. ही काही प्रयोगशाळेतून आलेली नवलाई नव्हती. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे कनिष्ठ सभागृह १८७० पासून १९८० पर्यंत याच रीतीने निवडले जात होते, आणि इंग्लंडमधली १८७० नंतरची शाळा मंडळेही.

सातच जागा का? इथे थोडे गणित करू, कारण या प्रकरणाचा जीव त्यात आहे.

समजा दहा हजार लोक मतदानाला आले. एकूण मते सत्तर हजार. त्यात कृष्णवर्णीय १,२००, आणि त्या साऱ्यांनी सातही मते एकाच उमेदवाराला दिली. झाली ८,४०० मते. उरलेल्या ८,८०० मतदारांकडे ६१,६०० मते आहेत. त्यांनी बरोबर सातच उमेदवार उभे केले आणि मते सातांत अगदी तोलूनमापून वाटली, तर प्रत्येकाला ८,८०० पडतात आणि आपला उमेदवार आठवा येऊन पडतो. पण असे तोलूनमापून वाटप प्रत्यक्षात करणार कोण? दहा जण उभे राहिले आणि मते साधारण सारखी पसरली तर प्रत्येकाच्या वाट्याला ६,१६० येतात. एकजण फार लोकप्रिय निघाला आणि १२-१५ हजार मते खाऊन गेला तर बाकीचे आणखी खाली. ८,४०० वाला आरामात आत.

आता १,२०० ऐवजी १,२५० करा. आपल्या उमेदवाराला ८,७५०. बाकीच्यांकडे ६१,२५०, सातांत भागले तर पुन्हा ८,७५० च. बरोबरी. याच्या वर एक जरी मतदार गेला तरी समोरच्यांनी कितीही शिस्त पाळली तरी त्या उमेदवाराला पाडणे शक्य नाही. हा उंबरठा साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे जागांच्या संख्येत एक मिळवून त्याने शंभराला भागायचे. चार जागा ठेवल्या असत्या तर उंबरठा वीस टक्के झाला असता आणि ११-१२ टक्क्यांना काही आशाच नव्हती. सातचा आकडा तिथून आला. उंबरठा थोडा कमी पडत होता, पण समोरच्यांची बेशिस्त ती उणीव भरून काढील हा अंदाज होता, आणि तो खरा ठरला.

अर्थात समोरच्यांची बेशिस्त चालते, आपली नाही. दोन कृष्णवर्णीय उमेदवार उभे राहिले तर ८,४०० चे ४,२०० आणि ४,२००, आणि दोघेही घरी. म्हणून मतदारांना नियम समजावण्याइतकेच महत्त्वाचे काम होते ते एकाच नावावर एकमत घडवण्याचे. अलाबामा डेमोक्रॅटिक कॉन्फरन्स ही कृष्णवर्णीयांची राज्यव्यापी राजकीय संघटना. तिचे जेरोम ग्रे अशा ठिकाणी लोकांना मते कशी एकवटायची ते शिकवत फिरले. आपल्याकडे ‘गठ्ठा मतदान’ हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो. चिल्टनच्या १२ टक्क्यांकडे गठ्ठ्याशिवाय काय होते?

निकाल सुरुवातीला सांगितलाच. आणखी एक गोष्ट घडली जी खटला लावणाऱ्यांच्या उद्दिष्टांत कुठेच नव्हती. काउंटीचे राजकारण तोवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातात होते. नव्या पद्धतीत रिपब्लिकनही निवडून आले. वंशाच्या नावाने उघडलेल्या दारातून दुसराच अल्पसंख्य गट आत शिरला. मतदारसंघ आखण्याची पद्धत आणि ही पद्धत यांतला माझ्या मते सर्वांत मोठा फरक हाच. नकाशा आखणारा आधी ठरवतो की कोणत्या समाजाला संधी द्यायची आणि त्याच्याभोवती रेष ओढतो. संचयी मतदानात तो निर्णय दर चार वर्षांनी मतदार स्वतः घेतात. उद्या शेतकऱ्यांना, शाळेवर नाराज पालकांना, काउंटीच्या एखाद्या दुर्लक्षित कोपऱ्याला वाटले की आपण साडेबारा टक्के आहोत, तर त्यांनाही हीच सोय खुली.

एजी १९९२ मध्ये पुन्हा निवडून आले आणि पुढे वीसहून अधिक वर्षे कमिशनवर राहिले.

हे गणित मुंबईने आधी केले होते

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यांसाठी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या, म्हणजे एका मतदारसंघातून दोन-तीन किंवा अधिक सदस्य आणि त्यातली एक जागा राखीव. मग प्रश्न आला की मतदाराला जितक्या जागा तितकी मते, पण ती वाटायची कशी? एका उमेदवाराला एकच, की सगळी एकालाही चालतील? बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या बाजूने होते. मते वाटूनच द्यायची असतील तर सवर्ण मतदाराचे एक मत आपल्या उमेदवाराला जाते आणि उरलेले शिल्लक मत राखीव जागेवर आपल्याला सोयीचा अस्पृश्य उमेदवार निवडण्यासाठी मोकळे राहते. एकवटता येत असेल तर सवर्ण उमेदवार आपसांतल्या चुरशीत सगळी मते स्वतःसाठीच मागतात, आणि अस्पृश्य मतदारही आपली सगळी मते आपल्या माणसामागे उभी करू शकतो.

मुंबई इलाख्यात १९३७ ची निवडणूक संचयी मतदानानेच झाली. स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा वर्षाचाही नव्हता. भायखळा-परळ मतदारसंघात आंबेडकरांसमोर काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना, भारताचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज आणि स्वतः अस्पृश्य समाजातले. आंबेडकर निवडून आले. (ही निवडणूक ज्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली झाली त्यात मुंबई विधानसभेच्या सात जागा मराठ्यांसाठी राखीव होत्या, हे आज अनेकांच्या गावीही नसते.)

स्वातंत्र्यानंतर नियम उलटा झाला. १९५१-५२ च्या निवडणुकीत द्विसदस्यीय मतदारसंघ होते, मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दिली तर एक बाद. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. उत्तर मुंबईत आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. त्या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली होती. मते कुजवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करत आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली होती. ‘मत कुजवणे’ हा शब्दप्रयोग ज्यांनी त्या काळातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे त्यांना त्यातली चीड आठवत असेल. १९३७ मध्ये जे हक्काचे होते तेच पंधरा वर्षांनी बाद मत ठरले होते. द्विसदस्यीय मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने गेलेच.

आता आपले प्रभाग पाहा. २०१७ मध्ये पुण्यासह बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग झाले. मतदाराने चार बटणे दाबायची. पण चारही जागांना अक्षरे आहेत: अ, ब, क, ड. उमेदवार अ मध्ये उभा असेल तर ब चे मत त्याला देता येत नाही. अलाबामातल्या १९६१ च्या क्रमांकित जागा आणि आपल्या अ-ब-क-ड यांच्या यंत्रणेत, निव्वळ मत-मोजणीच्या दृष्टीने, फरक दिसत नाही. हेतू वेगळा आहे हे मान्य. आपल्याकडे आरक्षण लावण्यासाठी अक्षरे लागतात, आणि आरक्षणामुळे सदस्य कोणत्या समाजाचा असेल हे ठरतेच. पण त्याला निवडून देणारी मते कोणाची, हे आरक्षण ठरवत नाही. १९३२ नंतर वाद झाला तो नेमका याच मुद्द्यावर. प्रभाग केवढा असावा यावर आपण इतके बोलतो, आणि त्या प्रभागात मत एकवटता यावे की नाही यावर अवाक्षर नाही, हे मला अजब वाटते.

आक्षेप, खरे आणि खोटे

चिल्टनमध्ये तक्रारी झाल्या. पहिली, लोक गोंधळतील. एकाला सात मते कशी देणार, एक माणूस एक मत या तत्त्वाचे काय? हा आक्षेप तपासला तर टिकत नाही: प्रत्येकाकडे सारखीच सात मते आहेत, आणि शिकवले तर सामान्य मतदाराला सात खाने भरायला काही अवघड जात नाही.

दुसरी तक्रार वजनदार आहे. रस्त्यावर खड्डा पडला तर फोन कोणाला करायचा? सातही जण अख्ख्या काउंटीचे. सगळ्यांचा तो कोणाचाच नाही. मतदारसंघ असता तर ‘आपला’ कमिशनर ठरलेला असता. याला पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की चिल्टनमध्ये आधीही सरसकटच पद्धत होती, आणि कृष्णवर्णीय वस्तीला निदान आता फोन करायला एक माणूस मिळाला.

तिसरी अडचण पक्षांची. किती उमेदवार द्यायचे? सात दिले तर मते पातळ होतात, तीन दिले तर चौथी जागा हातची जाते. आपल्या मतांचा अंदाज चुकला की भोगावे लागते. ही अडचण मतदाराची नाही, पक्षकार्यालयाची आहे, त्यामुळे तिच्याबद्दल मला फारसा कळवळा नाही.

निवडून येणे आणि अधिकार मिळणे यांत मात्र केवढे अंतर असते ते त्याच राज्यातल्या एटोवा काउंटीत दिसले. तिथे मतदारसंघ पाडले गेले आणि १९८६ मध्ये लॉरेन्स प्रेस्ली हे आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय कमिशनर निवडून आले. तोवर प्रत्येक कमिशनर आपापल्या भागाचा रस्ते-निधी स्वतः खर्च करत असे. १९८७ मध्ये जुन्या सदस्यांनी ठराव केला की यापुढे सगळा निधी एकत्र, आणि खर्च बहुमताने. प्रेस्लींची जागा शाबूत, खुर्ची शाबूत, फक्त खुर्चीखालची तिजोरी हलवली. अलाबामात मतदानासंबंधी कोणताही बदल करायचा तर आधी केंद्राची मंजुरी लागत असे, ती यांनी घेतली नव्हती. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने म्हटले की हा मतदानातला बदल नाही, अधिकारांच्या वाटपातला आहे. मंजुरीची गरज नव्हती. निवडणूक पद्धतीवर कितीही बारकाईने काम केले तरी ते बैठकीच्या दारापर्यंतच पोचवते.

वॉशिंग्टनमधला गहजब

१९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुखपदासाठी कायद्याच्या प्राध्यापक लानी गिनियर यांचे नाव सुचवले. त्यांनी लेखांत संचयी मतदानाची बाजू मांडली होती. त्यावरून अशी राळ उडाली, ‘कोटा क्वीन’ म्हणून अशी हेटाळणी झाली, की क्लिंटन यांनी जूनमध्ये नाव मागे घेतले. लोकशाहीविरोधी म्हणून ज्या कल्पनेवर टीव्हीवर आगपाखड चालली होती तिच्यावर चिल्टनमध्ये तेव्हा दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि कोणाचे काही बिघडले नव्हते. अलाबामातल्या सेंटर आणि ग्विनसारख्या गावांतही ती चालू होती. इलिनॉयमधल्या पिओरिया शहरानेही काही जागांसाठी ती स्वीकारली होती; पुढे टेक्सासच्या ॲमरिलोचे शाळा मंडळ आणि २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातले पोर्ट चेस्टर गाव त्या वाटेने गेले.

गंमत अशी की वर्षभरातच या कल्पनेला अनपेक्षित दिशेने दुजोरा मिळाला. जॉर्जियातल्या ब्लेक्ली काउंटीत कमिशनर एकच असे. तो एकटाच अख्खी काउंटी चालवी. एकाऐवजी पाच करा, अशी मागणी करणारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९४ मध्ये फेटाळला गेला: मंडळात किती सदस्य असावेत हा प्रश्न दुसऱ्या कलमाच्या कक्षेत येत नाही. त्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत लिहिले. कोर्टांनी या साऱ्यात पडूच नये, असे त्यांचे म्हणणे. पण समाजांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळवून देणे हेच उद्दिष्ट मानले तर नकाशावरच्या मतदारसंघांतच पवित्र असे काही नाही, संचयी मतदानासारखे उपायही तितकेच योग्य ठरतील, हेही त्यांनी दाखवून दिले. उपरोधाने का होईना, मुद्दा अचूक होता.

या निकालाचा धक्का चिल्टनपर्यंत येणारच होता. मंडळाचा आकार हा कोर्टाच्या अखत्यारीतला प्रश्न नसेल तर चाराचे सात करणाऱ्या १९८८ च्या हुकूमनाम्याचे काय? काही गोऱ्या रहिवाशांनी २००० नंतर जुन्याच खटल्यात हस्तक्षेप करून हा मुद्दा मांडला. कायद्याच्या दृष्टीने तो पोकळ नव्हता. अटलांटाच्या अपील न्यायालयापुढे प्रकरण गेले आणि २००७ मध्ये निकाल आला, पण मुद्द्यावर नाही. न्यायालय म्हणाले, या पद्धतीमुळे तुमचे स्वतःचे असे काय नुकसान झाले ते तुम्ही दाखवलेले नाही. कायदा नीट पाळला जावा ही तक्रार कोणाही नागरिकाची असू शकते, तेवढ्यावर फेडरल कोर्टात दावा चालवता येत नाही. दावा काढून टाकण्याचा आदेश झाला.

त्यामुळे चार कमिशनरांचे सात करण्याचा अधिकार त्या कोर्टाला १९८८ मध्ये होता की नव्हता, याचा फैसला चिल्टनच्या खटल्यात झालाच नाही. हुकूमनामा जिथे होता तिथे राहिला. सहा वर्षांनी, २०१३ मध्ये, चिल्टनला उत्तरेकडून लागून असलेल्या शेल्बी काउंटीने लावलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची पूर्वमंजुरी कोणत्या भागांना लागेल ते ठरवणारे कलमच रद्द केले, आणि चिल्टनला आता आपली पद्धत बदलायची झाली तर वॉशिंग्टनला विचारण्याची गरजही उरली नाही.